विल्मारचा फोटो छापून आला तेव्हा

सुल्मा बेर्रुएताला आपलं नाव वर्तमानपत्रात यावं असं सत्तेचाळीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. उलट ते येऊ नये म्हणून ती जपून वागत आली होती. तिच्यासारखा आजार असलेल्या माणसांची नावं पेपरात कुठे येतात हे साल्तो गावात कुणालाही विचारा: चोऱ्या-मारामाऱ्यांच्या पानावर. पण त्या मे महिन्यात, तिकडचा हिवाळा तोंडावर आला असताना, विल्मार तेचेराचा फोटो 'ला रिबेरा'च्या रविवारच्या पुरवणीत छापून आला, चांगला हातभर, आणि सुल्माच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना.

विल्मार काही तिचा शत्रू नव्हता. खरं तर एवढ्या मोठ्या गावात तिचं सगळं माहीत असलेला, मित्र म्हणावा असा तो एकच.

सुल्मा चोवीस वर्षांची असताना तिला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून शेजारणींचे आवाज यायला लागले. त्या तिच्याबद्दलच बोलायच्या, आणि चांगलं कधी बोलायच्या नाहीत. टाकी फोडायला ती हातोडा घेऊन वर चढली तेव्हा आईने तिला खाली उतरवलं. मग दक्षिणेकडच्या मोठ्या इस्पितळात पाच महिने. परत आली ती औषधाने जड झालेली जीभ आणि थरथरणारे हात घेऊन. वर्षभराने थरथर कमी झाली तशी संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये लागली, आणि बावीस वर्षं तिथेच राहिली. पट्ट्यावरून संत्री धावत येत. निर्यातीची एकीकडे, गावातल्या बाजाराची दुसरीकडे, रसाची तिसरीकडे. सुल्मा नुसता हात लावून सांगायची की वरून तुकतुकीत दिसणारं हे फळ आतून नासलंय. शेडमध्ये तिच्या हाताला मान होता. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती अर्धा दिवस रजा घेई. 'रक्तदाब' असं सांगे. जाई ती इंजेक्शनला.

शनिवारी दुपारी मात्र ती स्टेशनामागच्या जुन्या बियाण्याच्या गुदामात जायची. तिथे मबेल नावाची नर्स आजारी माणसांचं केंद्र चालवायची. माते, म्हणजे पोकळ भोपळ्यातून नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा, हातोहात फिरायचा, कुणी विणायचं, कुणी पत्ते खेळायचं, कुणी नुसतंच बसायचं. विल्मार पूर्वी रेल्वेत सिग्नलवर होता. प्रवासी गाड्या बंद झाल्या, नोकरी गेली, आणि न येणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या त्याला ऐकू यायला लागल्या. केंद्रात आला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. मबेलने त्याच्या हातात ब्रश दिला. फळ्या मात्र दिल्या सुल्माने. शेडमधल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या ती बगलेत मारून आणायची, घासायची, सरस आणि खडूचे दोन हात द्यायची, वाळवायची. त्यावर विल्मार नदी काढायचा, पुरात बुडालेली घरं काढायचा, माणसं नसलेल्या गाड्या काढायचा.

"नदी निळी कुठे असते रे आपली?" एकदा ती म्हणाली. "दूध घातलेल्या कॉफीसारखी असते. तू काय समुद्र काढतोयस?"

विल्मारने निळ्यावर तपकिरी चढवला. तेव्हापासून त्याची नदी तपकिरीच राहिली. सहा वर्षं झाली या गोष्टीला. दोघं एकाच वेळी, एकाच भांड्यातल्या पाण्याने गोळ्या घ्यायचे. "चल, तुझी नि माझी तब्येत," असं म्हणून पेले आपटायचे, जणू वाइनच.

मग आली हिमेना. राजधानीत शिकून आलेली, 'ला रिबेरा'च्या पुरवणीत नव्याने लागलेली, गळ्यात लोकरीचा मफलर, हातात टेपरेकॉर्डर, विल्मारच्या चित्रांवर लिहायला आलेली. त्या शनिवारी विल्मारला यायला उशीर झाला, म्हणून ती सुल्माशेजारी बसली. सुल्माने माते भरून दिला. हिमेनाने सहज विचारलं, आणि सुल्मा बोलायला लागली. टाकी, हातोडा, इस्पितळ, आई वारली तो दिवस, पट्ट्यापाशी उभं राहण्याचा पहिला दिवस, रक्तदाबाची थाप. बावीस वर्षांत परक्या माणसाला तिने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. तासभर बोलली. टेपरेकॉर्डरचं चाक फिरत होतं.

"म्हणजे आता सगळं ठीक आहे ना?" हिमेनाने विचारलं.

"ठीक म्हणजे... गोळी घेते, कामावर जाते. कधीकधी आवाज येतो लांबून. त्याला म्हणते, मी कामात आहे."

"छान. छानच की," हिमेना म्हणाली. तेवढ्यात विल्मार दारात आला, आणि टेपरेकॉर्डर बंद झाला तो त्याच्यापाशी जाऊन पुन्हा चालू झाला.

फोटोवाल्याने विल्मारला खिडकीपाशी उभं केलं. विल्मार भांग पाडून आला होता. फोटोवाल्याने स्वतःच्या हाताने त्याचे केस विस्कटले. शर्टाची वरची दोन बटणं काढायला लावली. टेबलावरची गोळ्यांची डबी उचलून बाजूला ठेवली. "इकडे बघू नका. लांब कुठेतरी बघा. जे फक्त तुम्हालाच दिसतं तिकडे." विल्मारने बिचाऱ्याने पंख्याकडे पाहिलं.

रविवारी सुल्माने पुरवणी अल्सिदेसच्या बेकरीत उभ्याउभ्या वाचली. मथळा होता: 'वेडाच्या काठावरचा प्रतिभावंत'. विल्मारला आवाज चित्रं सांगतात, असं लिहिलं होतं. औषधं प्रतिभेला मारतात म्हणून त्याने ती नाकारली, असं लिहिलं होतं. आणि पुढे: 'ही तपकिरी नदी शहाण्या डोळ्यांना दिसणं शक्य नाही.'

"शहाण्या डोळ्यांना!" सुल्मा मोठ्याने म्हणाली. अल्सिदेसने पावाच्या टोपल्यांवरून मान वर केली.

"वाचलंत? आपल्या गावचा माणूस! मी तर काचेवर चिकटवणार आहे." आणि लगेच त्याने पान कापून दुकानाच्या दर्शनी काचेवर आतून डकवलंसुद्धा.

फोटोत विल्मारच्या डाव्या बाजूला एक कोपर दिसत होतं, करड्या स्वेटरचं. सुल्माचं. लेखात तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. तिने घरी जाऊन लेख पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा. आपल्या तासभराच्या बोलण्यातून या बाईला एकसुद्धा वाक्य उचलावंसं वाटलं नाही? का वाटेल? तिने कुणाला भोसकलं नव्हतं, कसली चित्रं काढली नव्हती. आजारी पडली, बरी राहायचा रोज प्रयत्न केला, संत्री निवडली. याला बातमी कोण म्हणेल?

त्यानंतरच्या शनिवारी केंद्रात निम्मं गाव लोटलं. डॉक्टरांच्या बायका आल्या, शाळेचे मुख्याध्यापक आले. एक बाई सुल्माला म्हणाली, "अहो, जरा सरकता का? त्यांच्याबरोबर फोटो काढायचाय." सुल्मा सरकली. विल्मारने केस विंचरले नव्हते. वरची दोन बटणं उघडी होती, आणि बाहेर तर दात वाजावेत अशी थंडी.

"बटण लाव, छाती भरेल," सुल्मा म्हणाली.

"असंच आवडतं त्यांना," तो हसून म्हणाला.

"आवाजांनी सांगितलं नदी तपकिरी काढायला. होय ना?"

विल्मार ओशाळला. "मी नाही तसं म्हटलं, सुल्मा. तीच म्हणाली, मी फक्त मान हलवली."

"हलव की. मान तुझी आहे."

त्या दिवसापासून तिने फळ्या आणणं बंद केलं. शेडमध्ये पेट्या मोडत नाहीत हल्ली, असं सांगितलं. गावात कुणी विल्मारचं नाव काढलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. रात्री अंथरुणात ती त्याच्या चित्रांतल्या चुका मोजायची: डब्यांना चाकं कमी, पूल वाकडा. आरशात स्वतःचा नीट विंचरलेला अंबाडा पाहून तिला स्वतःचाच राग येई. आपणही एखाद्या दिवशी अनवाणी चौकात उभं राहिलो असतो तर? निदान कोपराच्या वरचा भाग तरी छापला असता.

आणि मग ब्रशांचा डबा धुताना तिला गोळ्या सापडल्या. डब्याच्या तळाशी, टर्पेंटाइनमध्ये अर्धवट विरघळलेल्या, गुलाबी, पाच-सहा. तिने त्या ओळखल्या. तिच्याही त्याच होत्या. म्हणजे विल्मार पेला आपटत होता, गोळी तोंडात टाकत होता आणि नंतर डब्यात थुंकत होता. औषधं नाकारणारा प्रतिभावंत. छापून आल्यावर खरं करून दाखवायलाच हवं.

मबेल पाच पावलांवर पत्ते वाटत होती. सुल्माने तोंड उघडलं. मग डबा तिरका करून गोळ्या मोरीत सांडल्या आणि नळ सोडला. 'मोठा झालाय ना,' ती मनाशी म्हणाली, 'कळेल त्याचं त्याला.'

पुढच्या शनिवारी विल्मार भराभर बोलत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी तो पंख्याकडे पाहत होता, आणि आता फोटोवाला नव्हता. सुल्माने दोन्ही वेळा पाहिलं. तिच्याइतकं नेमकं ते कुणालाच कळलं नसतं. हात लावला की आतलं कळणारी बाई ती. ती गप्प राहिली.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, विल्मार बेकरीसमोर थांबला. काचेतून त्याचाच चेहरा त्याच्याकडे बघत होता, केस विस्कटलेला, आणि बोलत होता. काय बोलत होता ते त्याने पुढे कधी सांगितलं नाही. खिशातून रंग सारवायची बोथट पात काढून तो बाहेरून तो कागद खरवडायला लागला. कागद आत, पात बाहेर. त्याने जोर लावला. काच फुटली. अल्सिदेस धावत आला, विल्मार काचांमध्ये बसून रडत होता. अल्सिदेसने त्याला उठवून पाणी पाजलं, मग काचा गोळा करताना त्याचा स्वतःचा अंगठा कापला. तोवर कुणीतरी पोलिसांना बोलावलं होतं.

बुधवारच्या 'ला रिबेरा'त मथळा: 'वेड्या चित्रकाराचा बेकरीवर सुरीहल्ला, मालक रक्तबंबाळ'. खाली तोच फोटो. केस तेच, बटणं तीच, ती लांबची नजर तीच. महिन्याभरापूर्वी ज्या केसांत प्रतिभा होती, त्याच केसांत आता खून दिसत होता. फक्त यावेळी कोपर कापून टाकलं होतं.

सुल्माला पहिल्यांदा काय वाटलं? आनंद झाला. घोटभर, गरम, थेट पोटात उतरणारा. 'घ्या आता तुमचा प्रतिभावंत.' मग तिने पेपर ओट्यावर पालथा घातला आणि कामावर निघाली.

शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत ओदिला मोठ्याने बातमी वाचत होती. ओदिला सुल्माशेजारीच पट्ट्यावर उभी राहायची, चौदा वर्षं.

"सुरी घेऊन! आणि त्या गुदामात म्हणे असली वीसेक माणसं जमतात. माझी भाची त्याच रस्त्याने शाळेत जाते."

"कोंडून ठेवायला हवीत," मुकादमीण इर्मा म्हणाली. "बाहेर सोडतातच कशी?"

"दिसतातच ना चेहऱ्यावरून," तिसरी म्हणाली. "बघा, डोळे बघा याचे."

मातेचा भोपळा फिरत फिरत सुल्माकडे आला होता. तिने नळीतून शेवटचा घोट ओढला, भोपळा इर्माच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी त्यातलीच आहे."

"कशातली?"

"त्या वीसातली. दर शनिवारी जाते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी इंजेक्शन घेते, रक्तदाब-बिक्तदाब काही नाही. याला जो आजार आहे तोच मला आहे. बावीस वर्षं इथे उभी आहे, डोळे बघा माझे."

ओदिलाने पेपर खाली ठेवला.

"चेष्टा करतेस," इर्मा म्हणाली.

"नाही."

ओदिलाने आपला डबा उचलला आणि बाकावर हातभर पलीकडे सरकली. मुद्दाम नव्हे, सरकून झाल्यावर तिच्याच ते लक्षात आलं आणि ती लाल झाली. इर्मा हातातल्या भोपळ्याकडे बघत राहिली. मग तिने त्यात गरम पाणी ओतलं, नळी न पुसता तोंडात धरली आणि ओढली. "कामाला लागा," ती म्हणाली. "गाडी चारला निघते."

त्या संध्याकाळी सुल्मा अल्सिदेसला घेऊन 'ला रिबेरा'च्या कचेरीत गेली. ती बातमी एबेर ओहेदाने लिहिली होती. तीस वर्षं गुन्ह्यांचं पान सांभाळणारा, दमलेला, सभ्य माणूस. त्याच्यापासून दोन टेबलं सोडून हिमेना बसायची.

"सुरी नव्हती," सुल्मा म्हणाली. "रंग सारवायची पात. तिने लोणीसुद्धा नीट कापलं जात नाही."

"आणि मला त्याने हात लावला नाही," अल्सिदेसने पट्टी बांधलेला अंगठा पुढे केला. "हे माझं मी कापून घेतलं. तुम्ही मला विचारायला तरी यायचं."

"पोलिसांच्या टिपणात तीक्ष्ण वस्तू म्हटलंय," एबेर म्हणाला. "बाई, तुम्ही त्यांच्या कोण? डॉक्टर?"

"नाही. मला तोच आजार आहे."

एबेरने पेन उचललं. पलीकडे हिमेनाने मान वर केली. दोघांच्या डोळ्यांत एकदमच काहीतरी चमकलं, आणि सुल्माला कळलं की महिनाभर आपण ज्याच्यासाठी जळत होतो ते आत्ता समोर ताटात वाढून ठेवलंय. नुसता हात घालायचा.

"हे फारच... सुल्माबाई, बसा ना," हिमेना खुर्ची ओढत म्हणाली. "आजारी मित्रासाठी उभी राहिलेली आजारी स्त्री. मी पूर्ण पान मागून घेते. तुमचा फोटो—"

"माझा तासभराचा टेप आहे तुमच्याकडे," सुल्मा म्हणाली.

"त्यावर दुसरं रेकॉर्ड झालं," हिमेना म्हणाली, खाली बघत.

"त्याने औषधं सोडली होती असं तुम्ही लिहिलंत. तेव्हा त्याने सोडली नव्हती. तुमचं वाचून सोडली. हे लिहा."

"ते कसं लिहिणार? म्हणजे ते तर..."

"मग काय घडलं तेवढं लिहा. पात होती, काच फुटली, कुणी कुणाला मारलं नाही."

"बाई," एबेर खरोखर कळवळून म्हणाला, "काच फुटणं ही बातमी होत नाही हो."

"आज झाली की."

शुक्रवारी पान अकरावर, नदीच्या पाणीपातळीच्या तक्त्याखाली, चार ओळींची दुरुस्ती आली. त्यात सुल्माचं नाव 'सुलेमा' छापलं होतं. तिला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर जरा रागही आला.

विल्मार सरकारी इस्पितळातल्या वॉर्डात होता. रविवारी ती गेली. खाटेशेजारी बसली आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. "डब्यातल्या गोळ्या मी पाहिल्या होत्या. तीन आठवडे आधी. मबेलला सांगितलं नाही. तुझ्यावर जळत होते म्हणून. पेपरात आलं तेव्हा मला आनंदसुद्धा झाला. थोडा वेळ. पण झाला."

विल्मारने भिंतीकडे कूस वळवली. पुढच्या रविवारीही त्याने कूस वळवली. तिसऱ्या रविवारी तो उठून बसला होता, नर्सने त्याचा भांग पाडला होता.

"तुला कळलं असणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला. औषधाने त्याची जीभ जड झाली होती. "मी वाट बघत होतो. सुल्मा आता ओरडेल, आता ओरडेल. तू ओरडली नाहीस तेव्हा वाटलं, म्हणजे मी खरंच तसा झालोय. पेपरातल्यासारखा."

सुल्माने संत्रं सोललं, फोड त्याच्या हातावर ठेवली. त्याने खाल्ली. माफ केलं असं तो तेव्हा म्हणाला नाही, नंतरही कधी म्हणाला नाही.

जुलैत तो केंद्रात परत आला. गर्दी ओसरली होती. डॉक्टरांच्या बायका त्या रस्त्याने यायच्याच बंद झाल्या होत्या. गुदामाच्या मालकाने मबेलला जागा सोडायची चिठ्ठी पाठवली होती, ती अल्सिदेसने आणि आणखी चार दुकानदारांनी अर्जावर सह्या करून परत घ्यायला लावली. सुल्मा पुन्हा फळ्या आणायला लागली. विल्मारने पहिली फळी हातात घेतली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "खडू जास्त झालाय." ती म्हणाली, "मग स्वतः घास."

हेवा काही एका दिवसात गेला नाही. सप्टेंबरात बसस्थानकाच्या भिंतीवर विल्मारची पुराची चित्रं लागली तेव्हा सुल्मा तिकडून दोनदा गेली, दोन्ही वेळा पुलाच्या वाकडेपणाकडे तिचं लक्ष गेलं आणि दोन्ही वेळा तिला बरं वाटलं.

शेडमध्ये ओदिला पट्ट्यावर तिच्या शेजारीच उभी राहायची, पण बोलायची कमी. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात ती सुल्माला पेट्यांच्या ढिगामागे घेऊन गेली.

"माझा नवरा झोपत नाही," ती म्हणाली. "तीन महिने झाले. म्हणतो, रेडिओवाला त्याच्याबद्दलच बोलतो. मी रेडिओ विहिरीत टाकला, तरी ऐकू येतो म्हणतो. सुल्मा, तो... तो तसला नाही गं. चांगला माणूस आहे."

"मला माहीत आहे. माझ्या छपराची पन्हळ त्यानेच बसवली."

"त्याला त्या केंद्रातल्या बाईंकडे नेशील का? पण कुणाला—"

"शनिवारी तीन वाजता. त्याला म्हण, माते प्यायला चाललोय."

ती पहिली. नंतर इर्माच्या बहिणीचा दीर आला, मग बेकरीसमोरच्या दुकानातली एक विधवा. सगळे आधी सुल्माला गाठायचे: शेडच्या फाटकाशी, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, आणि सगळे आवाज खाली करून बोलायचे. कुणाला वाटायचं आपल्या माणसाला बांधून ठेवतील, कुणाला वाटायचं पेपरात नाव येईल. सुल्मा सांगायची, पेपरात नाव येणं इतकं सोपं नसतं.

एका शनिवारी ओदिलाचा नवरा पत्ते पिसत असताना विल्मार फळीवरून नजर न उचलता म्हणाला, "दार उघडलं की जो तो तुझंच नाव घेतो. सुल्मा आहे का, सुल्मा कुठेय. एवढ्या महिन्यांत मला एकाने विचारलं नाही."

"बरं मग?"

"काही नाही. सांगितलं."

"जळतोयस."

"थोडासा," विल्मार म्हणाला.

सुल्माने त्याचा ब्रश घेतला, धुतला, फडक्याला पुसला आणि त्याच्या हातात दिला. तोंड दुसरीकडे वळवून ती हसत होती, आणि ते विल्मारला दिसावं अशाच बेताने तिने ते वळवलं होतं.